नाव, नक्षी आणि गाव : वस्त्रांच्या कायदेशीर संरक्षणाचा आढावा

उज्जैन शहराच्या उत्तरेला, क्षिप्रेच्या काठी भेरूगड आहे. यात्रेकरू ते काळभैरवाच्या देवळासाठी ओळखतात, कापडाचे व्यापारी बाटिकसाठी. वितळलेले मेण कुंचल्याने किंवा ठशाने कापडावर उमटवायचे, कापड थंड रंगात बुडवायचे आणि शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढून टाकायचे, अशी ही पद्धत. मेण बसलेला भाग कोरा राहतो. मेणाला पडलेल्या भेगांतून रंग झिरपून जी बारीक जाळी उमटते, ती दुसऱ्या कापडावर जशीच्या तशी कधीच येत नाही. ‘उज्जैन बाटिक प्रिंट्स’ला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या या कामाला प्रथमच कायद्याने नाव दिले.

मानांकनाने एक प्रश्न सुटला, पण दुसरे पुढे आले. याच वस्तीतल्या एखाद्या छपाईवाल्याच्या घरातली मुलगी स्वतःच्या नावाचा कपड्यांचा ब्रँड काढते, जुन्या ठशांना नवी मांडणी देते, साडीऐवजी कुर्ते आणि जॅकेट विकते. तिच्या ब्रँडचे नाव कोणाचे? तिने रचलेली नक्षी कोणाची? आणि गावाच्या मानांकनात तिचा वाटा किती? देशात या विषयावरची चर्चा गेली २० वर्षे न्यायालयांत, डिझायनरांच्या वर्तुळात आणि कारागिरांच्या संस्थांत चालू आहे. ती आज कुठे येऊन थांबली आहे, याची ही नोंद.

पार्श्वभूमी : चार कायदे, चार प्रकारचे मालक

कपड्याला संरक्षण देणारा एकच एक कायदा भारतात नाही. व्यापारचिन्हांचा पहिला कायदा १९४० चा, डिझाइनचा १९११ चा, कॉपीराइटचा सध्याचा कायदा १९५७ चा. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानंतर यांतील बरेच काही नव्याने लिहिले गेले. डिझाइन कायदा, २००० हा मे २००१ पासून लागू झाला. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ आणि भौगोलिक मानांकन कायदा, १९९९ हे दोन्ही १५ सप्टेंबर २००३ या एकाच दिवशी अमलात आले.

या प्रत्येक कायद्याने आपापला मालक गृहीत धरला आहे. व्यापारचिन्हाचा कायदा व्यापाऱ्यासाठी आहे. बाजारात माल कोणाचा हे गिऱ्हाइकाला कळावे, एवढाच त्याचा हेतू. डिझाइन कायदा वस्तूला नवे रूप देणाऱ्यासाठी आहे आणि ‘नवे’ या अटीवर तो अडून बसतो. कॉपीराइट कलाकाराचा. भौगोलिक मानांकन एका प्रदेशातल्या सगळ्या उत्पादकांचे. भेरूगडच्या एका दुपट्ट्यात मात्र व्यापारी, नक्षीकार, कलाकार आणि समाज हे चौघेही एकत्र असतात. आजच्या बहुतेक वादांचे मूळ इथे आहे : कापड एकच, पण त्यावर हक्क सांगणारे चार, आणि चौघांना चार वेगवेगळ्या दारांतून जावे लागते.

नाव : सर्वांत भक्कम संरक्षण

चारही मार्गांत ब्रँडच्या नावाचे संरक्षण सर्वांत पक्के आहे. माल आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग केलेले आहेत. तयार कपडे २५ व्या वर्गात येतात, कापड २४ व्या आणि दुकानाची विक्रीसेवा ३५ व्या. साड्या आणि थान दोन्ही विकणाऱ्याने एकाहून अधिक वर्गांत अर्ज करणे हिताचे. ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांसाठी प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये आहे, इतरांसाठी ९,०००. मध्य प्रदेशचा कारभार मुंबईच्या व्यापारचिन्ह कार्यालयाकडे असल्याने उज्जैनचा अर्जही तिथेच जातो. तपासणी झाल्यावर नाव जर्नलमध्ये प्रसिद्ध होते, हरकतींसाठी चार महिने मिळतात आणि नोंदणी झाली की ती १० वर्षे टिकते. पुढे दर १० वर्षांनी नूतनीकरण करत हा हक्क कितीही काळ चालवता येतो. मात्र नाव सलग पाच वर्षांहून अधिक काळ वापरलेच नाही, तर दुसरा कोणी ते यादीतून काढायला लावू शकतो.

अडचण येते ती नाव निवडताना. उज्जैनमध्ये दुकानाला ‘महाकाल’, ‘अवंतिका’ किंवा ‘क्षिप्रा’ हे नाव द्यावेसे वाटणे साहजिक आहे. पण स्थळाचे नाव किंवा मालाचे वर्णन करणारा शब्द कायदा सहसा एकट्याच्या हवाली करत नाही. दीर्घ वापराने त्या शब्दाला वेगळी ओळख मिळाल्याचे सिद्ध करावे लागते. धार्मिक नावांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल मार्गदर्शक आहे. अगरबत्तीसाठी ‘रामायण’ या शब्दावर एकाने हक्क सांगितला होता. पवित्र ग्रंथाच्या नावावर कोणाची मक्तेदारी असू शकत नाही, त्याला वेगळेपण देणारी जोड असेल तरच विचार करता येईल, असे न्यायालयाने म्हटले. म्हणून कोणत्याही कोशात नसलेला, स्वतः घडवलेला शब्द ब्रँडसाठी सर्वांत बळकट ठरतो.

दुसरा मुद्दा उच्चाराचा. भारतात एकच नाव देवनागरीत, रोमनमध्ये आणि प्रादेशिक लिप्यांत लिहिले जाते, म्हणून न्यायालये कानाला काय ऐकू येते यालाही महत्त्व देतात. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या नावांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच सामान्य, अर्धवट आठवणीवर खरेदी करणारा गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवला. ती कसोटी आजही टिकून आहे.

तिसरा मुद्दा छोट्या दुकानदारांना दिलासा देणारा आहे. नोंदणी नसली तरी आधीपासून वापर असलेल्याचा हक्क वरचढ ठरतो. तिरुनेलवेलीच्या प्रसिद्ध हलव्याच्या दुकानाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. मात्र जुना वापर सिद्ध करायला बिले, जाहिराती, पिशव्या, वह्या असे पुरावे लागतात आणि अनेक घरांत हे कागद जपलेले नसतात. भावाभावांत दुकान वाटले गेले की नाव कोणाकडे राहणार, हा प्रश्नही वाटणीपत्रात क्वचितच लिहिलेला असतो. स्वतःच्या नावाने प्रामाणिकपणे व्यवसाय करण्याची मुभा कायदा देतो, त्यामुळे आडनावावर उभा राहिलेला ब्रँड भांडणात सापडला की निकाल लांबत जातो.

नक्षी : जिथे सर्वाधिक मतभेद आहेत

नावानंतर नक्षी. इथे दोन कायदे एकमेकांना छेदतात. कागदावर काढलेले फूल ही कलाकृती आहे आणि तिला कलाकाराच्या हयातीनंतर ६० वर्षांपर्यंत कॉपीराइट मिळतो. तेच फूल कापडावर उतरले की ते डिझाइन बनते. नोंदलेल्या डिझाइनचे संरक्षण १० वर्षांचे आणि वाढवून घेतल्यास आणखी ५, म्हणजे एकूण १५ वर्षांचे.

या दोघांमधली सीमा कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. नोंदणीयोग्य असूनही डिझाइन नोंदवले नाही आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्याने औद्योगिक प्रक्रियेने ते लावलेल्या वस्तू ५० हून अधिक झाल्या, की कॉपीराइट संपतो. डिझाइन कायद्याच्या व्याख्येत हाताने, यंत्राने किंवा रसायनाने केलेली प्रक्रिया, तिन्ही येतात. हातछपाई म्हणजे उद्योग नव्हे, हा समज त्यामुळे फारसा आधार देत नाही. भेरूगडच्या कारागिराने एकाच नक्षीच्या साठ साड्या छापल्या आणि नोंदणी केली नाही, तर त्या नक्षीवरचा त्याचा दावा दुबळा होतो.

न्यायालयीन प्रवास तीन टप्प्यांत सांगता येतो. पहिला टप्पा मायक्रोफायबर्स विरुद्ध गिरधर या दिल्लीच्या खटल्याचा. सोफ्याच्या कापडावरील फुलांच्या नक्षीवर एका अमेरिकी कंपनीने कॉपीराइट सांगितला होता. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २००९ मध्ये तो फेटाळला. मुळातच कापडावर छापण्यासाठी काढलेल्या नक्षीने डिझाइन कायद्याचा रस्ता धरायला हवा, असे त्याचे सार. दुसरा टप्पा फॅशन डिझायनरांचा. तरुण तहिलियानी यांच्या कंपनीच्या प्रकरणात २००८ मध्ये कॉपीराइट टिकला, कारण प्रत्येक नमुन्याच्या प्रती ५० पेक्षा कमी होत्या. रितू कुमार यांच्या ब्रँडची कंपनी विरुद्ध बिबा या २०१६ च्या प्रकरणात मात्र प्रती ५० च्या पुढे गेलेल्या होत्या आणि दावा उभा राहिला नाही. अशा रीतीने महागडे, मोजके कपडे करणारा डिझायनर सुरक्षित राहतो आणि चार गिऱ्हाइकांना परवडेल असा माल जास्त संख्येने काढणारा उघडा पडतो. टीकाकारांच्या मते ही या कलमाची सर्वांत मोठी विसंगती आहे.

तिसरा टप्पा एप्रिल २०२५ चा. क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या गुजरातमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दुहेरी कसोटी घालून दिली. आधी पाहायचे, ही निखळ कलाकृती आहे की कलाकृतीपासून घेऊन औद्योगिक प्रक्रियेत वापरलेले डिझाइन आहे. कॉपीराइटमध्ये बसत नसेल, तर तिचा मुख्य गुण उपयोगाचा आहे की दिसण्याचा हे तपासायचे. वाद यंत्रसामग्रीच्या आराखड्यांचा होता, पण कसोटी कापडालाही लागू आहे. तिच्यामुळे विचाराची पद्धत ठरली. ५० च्या आकड्याने होणारा परिणाम मात्र तसाच राहिला.

डिझाइन नोंदणीचे शुल्क व्यक्ती आणि लघुउद्योगांसाठी १,००० रुपये आहे, म्हणजे फार नाही. अट वेगळीच कठीण आहे. अर्जाच्या तारखेपूर्वी ते डिझाइन देशात किंवा परदेशात कुठेही लोकांसमोर आलेले नसावे. प्रदर्शनात मांडलेली साडी, व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांना पाठवलेला फोटो, यांनीही नवेपणा जाऊ शकतो. आधी विकून पाहायचे आणि चालले तर नोंदवायचे, ही कापडबाजाराची रीत कायद्याच्या अगदी उलट आहे. शिवाय कोयरी, वेल, जाळी, हत्ती-मोर यांसारखे परंपरागत घाट सर्वांचे असल्यामुळे ते नोंदवता येत नाहीत. नवी मांडणी जुन्यापासून ठळकपणे निराळी असेल, तरच तिला जागा मिळते.

आणखी एक बाब कारागिरांपर्यंत पोहोचायला हवी. व्यापाऱ्याने मोबदला देऊन कारागिराकडून डिझाइन करवून घेतले, तर डिझाइन कायद्यात मालक व्यापारी ठरतो. कॉपीराइट कायद्यात मात्र, पगारी नोकर नसलेल्या कलाकाराने काढलेल्या रेखाचित्राचा पहिला मालक साधारणपणे तो स्वतः असतो आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार लागतो. मजुरीवर छपाई करून देणाऱ्या शेकडो हातांसाठी हा फरक लाखमोलाचा आहे. तरी बहुतेक व्यवहार तोंडीच होतात.

गाव : सामूहिक हक्काची ताकद आणि मर्यादा

भौगोलिक मानांकनाची नोंदणी चेन्नईच्या कार्यालयात होते आणि तीही दर १० वर्षांनी नव्याने करावी लागते. मध्य प्रदेशात चंदेरी साडी, महेश्वरी साडी आणि बाग प्रिंट उज्जैनच्या आधी या यादीत आल्या. महाराष्ट्रात पैठणी आहे. हा हक्क विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही. नोंदणीकृत संस्था मालक असते आणि प्रत्यक्ष उत्पादकाने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंद करायची असते. मानांकन मिळाल्याची बातमी येते, मिठाई वाटली जाते; पण वापरकर्त्यांची यादी भरत गेली नाही, तर हक्क कागदावरच राहतो.

मर्यादा दोन आहेत. पहिली, मानांकन नावाचे रक्षण करते, तंत्राचे नाही. बाटिक हे तंत्र जगभर आहे. इंडोनेशियाच्या बाटिकला युनेस्कोने २००९ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. भेरूगडला ‘बाटिक’ या शब्दावर हक्क मिळालेला नाही. उज्जैनशी जोडलेल्या नावाखाली बाहेरचा माल विकला गेला, तर त्याला आक्षेप घेता येतो, इतकेच. दुसरी मर्यादा नकलेची. मेणाच्या भेगांची जाळी डिजिटल यंत्राने काही मिनिटांत छापता येते. त्या कापडावर उज्जैनचे नाव नसेल, तर मानांकनाचा कायदा तिथे पोहोचत नाही. नाव घेऊनही नक्कल होतेच : ‘सेमी पैठणी’ या नावाने चालणाऱ्या विक्रीचा अनुभव येवल्या-पैठणच्या विणकरांना आहे.

या दोन्ही मर्यादा कोल्हापुरी चपलेच्या वादात देशाने पाहिल्या. महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना मिळून हे मानांकन आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या शोमध्ये त्याच घाटाच्या चपला आणल्या, पण कोल्हापुरीचे नाव घेतले नाही. ओरड झाल्यावर कंपनीने ‘महाराष्ट्र चेंबर’ या व्यापार-उद्योग संघटनेला पत्र लिहून प्रेरणा मान्य केली. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली; मानांकनाचा नोंदणीकृत मालकच असा दावा आणू शकतो, असे सांगून न्यायालयाने ती जुलैमध्ये फेटाळली. डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी प्राडाशी सामंजस्य करार केला. या प्रकरणाने दोन गोष्टी दाखवल्या : मालक संस्थेने जागे असणे किती आवश्यक आहे आणि न्यायालयाबाहेरचा करार कधीकधी निकालापेक्षा लवकर फळ देतो.

सामूहिक नाव आणि स्वतंत्र ब्रँड एकत्र नांदू शकतात, याचे उदाहरण जवळच आहे. महेश्वरमध्ये १९७८ मध्ये सुरू झालेल्या रेहवा सोसायटीने स्वतःच्या नावाला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि महेश्वरी साडीच्या नावालाही. उज्जैनच्या तरुण ब्रँडांपुढे हा नमुना आहे.

तीन भूमिका

पहिली भूमिका नव्या ब्रँडांची आणि डिझायनरांची. फॅशनचा हंगाम काही महिन्यांचा असतो आणि नक्कल काही दिवसांत येते, त्यामुळे नोंदणीची वाट पाहणे निरर्थक ठरते, असे ते सांगतात. युरोपीय संघात नोंदणी न केलेल्या डिझाइनलाही लोकांसमोर आल्यापासून तीन वर्षे संरक्षण मिळते आणि नोंदणीसाठी १२ महिन्यांची सवलत असते. भारतातही अशी तरतूद व्हावी, ही त्यांची मागणी.

दुसरी भूमिका मोकळ्या अनुकरणाच्या बाजूची. कल राउस्टिआला आणि ख्रिस्तोफर स्प्रिगमन या अमेरिकी अभ्यासकांनी २००६ मध्ये मांडले की फॅशनचा धंदा नकलेमुळे मंदावत नाही. उलट नक्कल पसरली की जुने लवकर शिळे होते आणि नव्याची मागणी वाढते. या बाजूचे लोक आणखी एक रास्त मुद्दा जोडतात : स्वस्त कपडे शिवणारे हजारो छोटे कारखाने प्रचलित नक्षींवरच जगतात. संरक्षण कडक केले, तर वकील परवडणाऱ्या मोठ्या कंपन्याच त्याचा लाभ घेतील.

तिसरी भूमिका कारागिरांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांची. त्यांच्या मते पहिल्या दोन्ही भूमिका व्यक्तीला किंवा बाजाराला मध्यभागी ठेवतात. ठशाचा घाट एका पिढीने रचलेला नसतो. त्यावर एका डिझायनरने हक्क नोंदवला तर समाज वंचित होतो आणि सर्वांना मोकळा सोडला तर समाजाला मोबदला मिळत नाही. परंपरागत नक्षींचे दस्तऐवज तयार व्हावेत आणि त्यांच्या व्यापारी वापरातला वाटा समाजाला मिळावा, हे त्यांचे म्हणणे.

तिन्ही भूमिकांत तथ्य आहे. त्या वेगवेगळ्या नुकसानीकडे पाहत आहेत : एक वेळेच्या, दुसरी रोजगाराच्या, तिसरी वारशाच्या.

हक्क बजावताना

कागदावरचा हक्क न्यायालयात कसा उतरतो, हेही पाहायला हवे. नोंदणीकृत व्यापारचिन्ह आणि कॉपीराइट यांच्या उल्लंघनाचा दावा मालकाला स्वतःच्या व्यवसायाच्या ठिकाणीही आणता येतो, म्हणजे सुरतेतल्या नक्कलकारावर उज्जैनमध्ये दावा होऊ शकतो. नोंद नसलेल्या नावाच्या दाव्यांना, तसेच डिझाइनच्या दाव्यांना ही सोय नाही. व्यापारचिन्हाच्या खोट्या वापराला तुरुंगवासाची शिक्षा आहे; डिझाइनची चोरी केवळ दिवाणी बाब आहे. कायद्याने ठरवलेली रक्कम मागितली, तर प्रत्येक उल्लंघनाला जास्तीत जास्त २५,००० आणि एका डिझाइनमागे एकूण ५०,००० रुपयांपर्यंतच मिळतात. ज्याला हे अपुरे वाटते, त्याला प्रत्यक्ष नुकसानभरपाई आणि मनाईहुकूम मागण्याचा पर्याय आहे.

प्रतिवादीने नोंदणीच रद्द करण्याचा मुद्दा काढला, तर डिझाइनचा खटला उच्च न्यायालयाकडे जातो. इंदूरच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये असा खटला कोलकात्याऐवजी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाकडे सोपवला. माळव्यातील उद्योजकांच्या दृष्टीने ही मोठी सोय झाली.

ऑनलाइन बाजारपेठांची जबाबदारी किती, हे अजून ठरायचे आहे. बेव्हर्ली हिल्स पोलो क्लब या कपड्यांच्या ब्रँडच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ॲमेझॉनच्या एका कंपनीवर सुमारे ३४० कोटी रुपयांची भरपाई लादली. जुलैमध्ये खंडपीठाने त्या आदेशाला स्थगिती दिली.

काय ठरले, काय बाकी आहे

नावाबाबतचा कायदा स्थिरावला आहे. आधी नोंदलेल्या नावांचा शोध घ्यावा, वेगळा शब्द निवडावा, लवकर अर्ज करावा, वापराचे कागद जपावेत; एवढे केले तर छोट्या ब्रँडलाही भक्कम आधार मिळतो. नक्षीबाबत न्यायालयांनी सीमारेषा आखली, पण त्या रेषेवर उभ्या असलेल्या हस्तकलेचा प्रश्न सोडवला नाही. प्रत्येक वेळी वेगळी जाळी उमटणाऱ्या बाटिकच्या ५१ साड्या ही एकाच डिझाइनची ५१ उत्पादने मानायची का? याचे उत्तर संसदेने किंवा वरिष्ठ न्यायालयाने दिले पाहिजे. तोवर विक्रीपूर्वी नोंदणी आणि कारागिराशी लेखी करार, या दोन सावधगिरी अनिवार्य आहेत.

मानांकनाबाबत कायद्यापेक्षा संघटन कमी पडते. भेरूगडमधील प्रत्येक छपाईघर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदवणे, मालाची तपासणी कोण करणार हे ठरवणे आणि जुन्या ठशांची छायाचित्रांसह सूची करणे, ही तीन कामे आजच्या कायद्यातही करता येतात. ठशांच्या सूचीमुळे बाहेरच्या कोणी तेच घाट आपले म्हणून नोंदवले, तर नोंदणी रद्द करण्यासाठी पुरावा हाती राहील. त्याच सूचीवरून गावातल्या तरुणांना आपली मांडणी जुन्यापासून कुठे निराळी आहे हे दाखवता येईल आणि स्वतःच्या नावाने डिझाइन नोंदवता येईल. समाजाचा वारसा आणि व्यक्तीची प्रतिभा यांच्यातला वाद अशा सूचीने मिटणार नाही. मात्र समाजाचे कोणते आणि व्यक्तीचे कोणते हे निदान कागदावर येईल. २०२८ च्या सिंहस्थाला देशभरातून गिऱ्हाईक उज्जैनला येणार आहे, त्याआधी हे काम हाती घेण्याइतका वेळ आहे.